प्रज्ञाचा घसा

२२ जून, रविवार

प्रज्ञाला अमरावतीला सोडून आले. शाळा उद्यापासून, तिचीही अन् माझीही. ती नववीत. दादा-वहिनीकडे तिचं हे दुसरं वर्ष. कबड्डीचे सर तिकडे, मैदान तिकडे, म्हणून पोरगी तिकडे. मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसली. मग म्हणाली, "आई, घसा खवखवून राहिला."

कपाळाला हात लावून पाहिला. काळजी चेहऱ्यावर दिसू दिली नाही.

रवीला फोन केला तर म्हणतो, अकोल्यात महिनाभर बर्फाचे गोळे खाल्ले त्याचं आहे. माझ्या नवऱ्याला प्रत्येक गोष्टीचं कारण आधीच माहीत असतं.

२५ जून

ताप चढलाच. लतावहिनीने गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवलं. पुन्हा त्याच अँटिबायोटिक गोळ्या, पाच दिवस. वर्षभरात कितीदा झालं, नीट आठवत नाही. अकोल्यात असली की आमचे डॉक्टर, तिकडे गल्लीतले, अन् मोर्शीला सामन्यांना गेली होती तेव्हा तर सरांनी मेडिकलवाल्यालाच विचारून आणलं. गोळ्या संपेपर्यंत बरं वाटतं, मग पुन्हा...

बार्शीटाकळीला माझ्या शाळेत आज पुस्तकं वाटली. पहिलीतली एक मुलगी पुस्तक हुंगत बसली होती. मन तिथे नव्हतं.

६ जुलै, रविवार

काल अमरावतीत घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. टॉर्च मारली, म्हणाले टॉन्सिल मोठे आहेत, इतक्यांदा होत असेल तर काढून टाकू, दिवाळीच्या सुट्टीत करू. मला हायसं वाटलं. एकदाचं मूळच जाईल.

प्रज्ञाचा एकच प्रश्न : "मंग चढाईले कधी उतरता येईन?" डॉक्टर हसले.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "संगे, काढाचे तं काढू. पण घसा दुखते कायनं, थे कोणी सांगितलं का तुले?"

मी म्हटलं, टॉन्सिलनं.

१२ जुलै

दादाला असं विचारायचा हक्क आहे. लहानपणी पातूरला असताना त्याचा घसा असाच दुखायचा. आईने मिठाच्या गुळण्या दिल्या, त्याच्यापलीकडे कोणी काही केलं नाही. मग ताप आला, गुडघे सुजले. एक उतरला की दुसरा. बाबांना वाटलं, झाडावरून उडी मारली असेल. मी तेव्हा तिसरीत. दादाला खाटेवरून उचलून न्यायचे ते आठवतं, तो ओरडू नये म्हणून उशी चावायचा.

घसा बरा झाला, गुडघेही बरे झाले. हृदयाची झडप तेवढी खराब होऊन बसली, ते त्याच्या लग्नानंतर कळलं. नागपूरला ऑपरेशन. आता आत धातूची झडप आहे, शेजारी शांत बसलं तर टिकटिक ऐकू येते. प्रज्ञा लहान असताना म्हणायची, मामाने घड्याळ गिळलं. रक्त पातळ राहायच्या गोळ्या रोज. अन् दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई, पुन्हा तसा ताप येऊ नये म्हणून. सुई घेतली की दोन दिवस लंगडतो, ऑफिसात सांगतो गाडीवरून पडलो.

म्हणून प्रज्ञा "घसा" म्हणाली की मला घसा दिसतच नाही. गुडघे दिसतात.

२६ जुलै, शनिवार

दादाने लहान मुलांच्या एका डॉक्टरबाईंची वेळ घेऊन ठेवली होती. मी म्हटलं, चौदा वर्षांच्या पोरीला लहान मुलांच्या डॉक्टरकडे? तो म्हणाला, "चाल तं."

बाई पन्नाशीच्या. आधी घसा पाहिलाच नाही, बोलतच बसल्या. घसा दुखतो तेव्हा नाक वाहतं का? खोकला असतो का? आवाज बसतो का? ताप किती, मोजला का? मानेला गाठी दुखतात का? घरात किंवा संघात आणखी कोणाला होतं का?

मी म्हटलं, "दर वेळी तसंच होतं."

"तसंच म्हणजे कसं?"

प्रज्ञालाच जास्त आठवत होतं. उन्हाळ्याआधी सर्दी होती, आवाज गेला होता. जूनमध्ये सर्दी नव्हती, गिळताना सुरी फिरवल्यासारखं झालं. मोर्शीला नुसतं खवखवत होतं, मैदानावर धूळ फार होती.

बाई म्हणाल्या, "पाहा, ही तीन वेगवेगळी दुखणी असू शकतात. घसा दुखणं ही तक्रार झाली, आजाराचं नाव नाही झालं. बहुतेक वेळा सर्दीच्या विषाणूंनी दुखतो, त्याला या गोळ्या लागतच नाहीत. काही वेळा जंतूंनी दुखतो. त्यातल्या एका जंतूची मला खरी काळजी असते, कारण तुमच्या भावाचं जे झालं ते त्याच्यामुळे. नुसतं पाहून तो मलाही खात्रीने ओळखता येत नाही. घशात काडी फिरवून तपासायला पाठवावं लागतं, तेही औषध सुरू करायच्या आधी."

टॉन्सिल काढू नका असं त्या म्हणाल्या नाहीत. "आधी कशाने दुखतो ते पाहू. पुढच्या वेळी गोळी द्यायच्या आधी माझ्याकडे आणा."

दादाचं ऐकल्यावर त्यांनी प्रज्ञाच्या छातीला नळी लावली. पुढून, डाव्या कुशीवर वळवून, बसवून. किती वेळ! मी भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र पाहत होते. मग : "मला काही वावगं ऐकू येत नाही. तरी मामाचं असं आहे, एकदा इको करून घेऊ."

नंतर आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. या वयाच्या मुलांशी त्या थोडं एकट्याने बोलतात म्हणे. परत येताना पोरगी हसत होती. "आई, मले विचारलं, तंबाखू-खर्रा खाते का, सिगरेट ओढते का म्हणून. त्यानंबी घसा जळते म्हणते." आणखी काय विचारलं? "थे माह्यं अन् त्यायचं."

बरं बाई.

२ ऑगस्ट

इको झाला. हृदय चांगलं. झडपा चांगल्या.

दादा बाहेरच थांबला होता, त्या खोलीत आला नाही. सांगितलं तर म्हणे, "मले मालूमच होतं." मग गाडीला किल्ली लावायला गेला अन् किल्ली लागेचना.

१९ ऑगस्ट

प्रज्ञाचा घसा. यावेळी नाक गळतंय, शिंका, बारीक ताप. वहिनी सकाळीच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. काडीची तपासणी केली. गोळ्या दिल्या नाहीत. ताप आला तर पॅरासिटामॉल, कोमट पाणी, आराम, बस.

मी इकडे अकोल्यात अस्वस्थ. तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा प्रज्ञानेच उचलला, "आई, मी झोपू का तुह्याशी बोलू?"

२३ ऑगस्ट

तपासणीत जंतू नाही. घसा आपोआप बरा झाला. औषधाशिवाय! काल सरावाला गेली.

रवी म्हणतो, पाहा, मी म्हटलंच होतं. काय म्हटलं होतं, ते नाही सांगत.

१४ सप्टेंबर, रविवार

वहिनीचा फोन, रडवेली. प्रज्ञाला कालपासून जोराचा ताप, टॉन्सिलवर पांढरा थर, थुंकीसुद्धा गिळवत नाही. डॉक्टरबाई बाहेरगावी गेलेल्या. दादा नागपूरला तपासणीला. वहिनी काय करणार, गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ॲमॉक्सिसिलिन दिलं. सर्दी नाही, खोकला नाही, तेव्हा तोच जंतू असणार म्हणाले. मलाही तेच वाटतं. पेनिसिलिनच्याच घरातलं औषध आहे, म्हणजे बरोबरच झालं.

उद्या रजा टाकू का? चाचणी परीक्षा चालू आहेत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

अमरावतीहून लिहितेय. दुपारी वहिनीने फोटो पाठवला. पोरीचं पोट, पाठ, हात लालेलाल. मुख्याध्यापकांना नुसतं सांगून निघाले, अर्जबिर्ज काही नाही. बसमध्ये फोटो किती वेळा उघडला.

घरी पोचले तर वहिनी ओट्यापाशी रडत उभी. मी तिला वाटेल ते बोलले. एक दिवस थांबता आलं नाही का, दुसऱ्या कोणाकडे काडी फिरवून घेता आली नाही का. ती म्हणाली, "वन्स, पोरगी तापानं बडबडून राह्यली होती. मी कशी थांबू?" बरोबरच होतं तिचं. मला थांबता येत नव्हतं.

दादा मधे पडला. "तुमी दोघी भांडा. मी पोट्टीले घेऊन जातो."

सगळेच गेलो. डॉक्टरबाई परत आल्यात. श्वास कसा आहे, ओठ-जीभ सुजली का, ते आधी पाहिलं. तसं काही नव्हतं. मग घसा, मग मानेच्या मागच्या बाजूच्या गाठी. पापण्या फुगल्यात, ते मी पाहिलंच नव्हतं, मला वाटलं रडून. मग तिला निजवून डाव्या बरगडीखाली हात ठेवला, म्हणाल्या, मोठा श्वास घे. पुन्हा. पुन्हा.

दादाने विचारलं, "पेनिसिलिन हिले चालत नाई, असं झालं का मॅडम?" त्याचा आवाज ऐकून मी त्याच्याकडे पाहिलं. ज्या सुईवर तो इतकी वर्षं उभा आहे, तीच भाचीला बंद झाली तर? त्याच्या मनात तेच, माझ्याही.

बाई म्हणाल्या, "आजच तसं लिहून ठेवायची घाई नको. मला वेगळीच शंका आहे. गोळी बंद करा. रक्त तपासू अन् पोटाची सोनोग्राफी करू."

२० सप्टेंबर

शंका खरी निघाली. ग्लँड्युलर फीवर म्हणतात. हाही विषाणूच, पण सर्दीचा नाही. घसा अगदी तसाच दिसतो, पांढरा थर, ताप, गाठी, भलेभले फसतात असं बाईच म्हणाल्या. या आजारात ॲमॉक्सिसिलिन दिलं तर पुष्कळ मुलांच्या अंगावर असे चट्टे उठतात. ती खरी ॲलर्जी असेलच असं नाही. पण नाहीच, असंही आज सांगता येत नाही. पूर्ण बरी झाली की दवाखान्यात समोर बसवून तपासायचं. तोवर त्या जातीचं औषध द्यायचं नाही.

डाव्या बरगडीखालची प्लीहा सुजली आहे. पोटावर मार बसला तर फुटू शकते. महिनाभर तरी कबड्डी बंद, मग पुन्हा पाहू.

प्रज्ञा उठून बसली. "निवड चाचणी पाच तारखेले हाय."

"माहीत आहे मला. तरी नाही."

पोरगी भिंतीकडे तोंड करून झोपली.

२१ सप्टेंबर, रविवार

मोबाईलवर या आजाराबद्दल वाचत बसले. थुंकीतून पसरतो. एका ठिकाणी याला 'चुंबनाचा आजार' म्हटलंय, ते वाचून मोबाईल उलटा ठेवला. चौदा वर्षांची आहे. कोण असेल? कोणाशी बोलते ही? पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

डॉक्टरबाईंना फोनवर आडून विचारलं. त्यांना लगेच कळलं. "अहो, अख्खा संघ एका बाटलीने पाणी पितो. कुठून आला ते आता सापडायचं नाही, अन् सापडून उपयोगही नाही."

विचारणार होते प्रज्ञाला. नाही विचारलं. वरण-भात भरवला, चार घास खाल्ले.

वहिनीला म्हटलं, तुझी चूक नव्हती. ती म्हणाली, "जाऊ द्या वो वन्स." तरी दिवसभर माझ्या ताटात स्वतः वाढलं नाही तिने, भांडं पुढे सरकवलं.

२८ सप्टेंबर

अकोल्यात. शाळा. पोरीचा ताप उतरला, चट्टे फिकट झाले. थकवा मात्र फार. वहिनी सांगते, आंघोळ करून आली की झोपते. केस विंचरायलाही हात उचलत नाही म्हणते.

वहिनीनेच फोन केला आज, स्वतःहून. बरं वाटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

निवड चाचणी झाली. तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. प्रज्ञा पाहायला गेली होती, दादाला घेऊन. मी नको म्हणत होते.

दादा फोनवर : "पुरा वेळ बसली. एक शब्द नाई. थ्या पोरीनं दोन गडी मारले तं टाळ्याबी वाजवल्या. घरी आल्यावर मंग लय रडली."

"तू काय म्हटलं तिला?"

"काय म्हनू? मी बसलो बाजूले. माह्यं शाळेतलं खेळणं सुटलं तवा कोणी काही म्हटलं असतं, तं मले थोडी आवडलं असतं!"

आमच्या घरात त्याने हे आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला तर माहीतही नव्हतं की तो खेळायचा. काय खेळायचा, विचारायला हवं होतं. फोन ठेवल्यावर सुचलं.

१८ ऑक्टोबर

प्रज्ञा दिवाळीच्या सुट्टीत घरी. अमरावतीहून निघताना घशाच्या डॉक्टरांना भेटून आलो, तारीख त्यांनी धरून ठेवली होती. डॉक्टरबाईंचं त्यांच्याशी बोलणं झालं होतं. तेही म्हणाले, आत्ताच्या आजारानंतर लगेच नको, अन् आधीची सगळी दुखणी खरोखर टॉन्सिलची होती का, तेही धड कळत नाही. वर्षभर पाहू. दर वेळी तपासून घ्या. जंतूचीच वारंवार निघाली तर काढू, मग मीच सांगेन.

म्हणजे काढायचे की नाही, ठरलंच नाही. जुलैत मला ठरलेलं हवं होतं. आता तितकं...

रवी तिला रोज संत्र्याचा रस देतो. ताकद येते म्हणे. ती बिचारी पिते.

८ नोव्हेंबर

सोनोग्राफी पुन्हा. प्लीहा पूर्ववत. हळूहळू पळायला परवानगी. चढाई-पकड आणखी दोन आठवड्यांनी. पोरीने आधी सरांना फोन लावला, मग मला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज ती औषध चालतं का याची तपासणी. डॉक्टरबाईंनी मोठ्या दवाखान्यात करायला लावली, हाताला सुईची नळी लावून, सगळी तयारी ठेवून. ॲमॉक्सिसिलिनचा आधी अगदी थोडा अंश, मग थांबायचं, मग उरलेलं.

दादा आत आला यावेळी. खुर्ची ओढून पलंगाजवळ बसला. प्रज्ञा मोबाईलवर सामने पाहत होती. मी तिचे हात पाहत होते. जरा कुठे खाजवलं की उठायची.

"आई, डास चावला. बस ना तू."

सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन पाहून जात होत्या. दुपार झाली. काहीच उठलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, घरी गेल्यावर काही दिसलं तर लगेच फोन करा, पण हिला हे औषध चालतं असं मी आज लिहिते.

दादा उठला अन् जिन्याकडे गेला. मला वाटलं गाडी काढायला. पाहते तर पायऱ्यांवर बसून रडत होता. त्याच्या ऑपरेशनच्या वेळी रडला नव्हता. मी शेजारी बसले. जिन्यात माणसं येत-जात होती, आम्हाला ओलांडून.

"चाल," म्हणाला, "लता वाट पाहून राह्यली असन."

वहिनीने पुरणपोळी केली होती. स्वतः वाढली.

२४ नोव्हेंबर

काही उठलं नाही. दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा नाही विचारलं.

९ डिसेंबर, मंगळवार

मधल्या सुट्टीत प्रज्ञाचा फोन. "आई, घाबरू नको. घसा दुखून राह्यला. सकाळपासून. मामी डॉक्टरबाईकडे घेऊन चालली. गोळी नाई घेतली."

"सर्दी आहे का?"

"नाई."

"खोकला?"

"नाई. गिळताना दुखते. ताप मोजला, आहे. गाठी समोरून दुखतात, मागून नाई." मी विचारायच्या आधीच सगळं सांगितलं.

चार वाजता वहिनीचा फोन. काडी फिरवून पाठवली. बाई म्हणाल्या, यावेळी जंतूचा असू शकतो, पण परवा कळेल, एवढ्याने काही बिघडत नाही, निघाला तर लगेच औषध सुरू करू अन् पुरे दहा दिवस द्यायचं. विषाणूचाच निघाला तर नाही द्यायचं. सगळं समजलं मला. मुलं पाढे म्हणतात तसं मीच वहिनीला परत म्हणून दाखवलं.

संघात परत घेतलंय तिला, राखीव म्हणून. रविवारी अकोटला सामना. ते आता...

रवी म्हणतो, परवा कळणार आहे तर आज जाऊन काय करशील? खरं आहे. काही करायचं नाही तिथे. दादा आहे, वहिनी आहे.

थंडी चांगलीच पडलीय. पोरीचं जाड स्वेटर इकडेच राहिलंय कपाटात. शेजारच्या मुलाबरोबर पाठवता येईल, तो उद्या सकाळच्या गाडीने जाणार आहे. त्याला अजून सांगितलं नाही. घडी करून पिशवीत भरलं. पिशवी दारापाशी ठेवली. माझी चप्पलही तिथेच आहे.